खुंटीखालची खुर्ची

१

हे मी आडवं पडून लिहितो आहे. डोक्यामागे सहा टाके आहेत, मानेला पट्टा आहे, आणि वही छातीवर धरून लिहिलं की माझं अक्षर डॉक्टरसारखं येतं. चालवून घ्या.

चौतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसलो. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, दोन्ही वेळा मान खाली. निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं की सिद्धलिंग यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी डोकं दुखायला लागलं. दुखणं मानेत सुरू व्हायचं, टोपी चढवावी तसं मागून वर यायचं आणि डाव्या डोळ्यावर येऊन बसायचं. डावीकडे वळून पाहिलं की सोलापूरच्या शुक्रवार पेठेतली आमची मधली खोली एक गिरकी घ्यायची आणि मला भिंत धरावी लागायची. फोटो झाले, एमआरआय झालं. डॉक्टर म्हणाले, पाचव्या आणि सहाव्या मणक्यामध्ये नस दाबली गेली आहे. दाबून ठेवणं मला नवीन नव्हतं. आयुष्यभर मी कागद दाबले, मणक्यांनी नस दाबली.

मग सना आली. फिजिओथेरपिस्ट, वय सव्वीस-सत्तावीस, आवाज असा की म्हाताऱ्या माणसाने निमूट ऐकावं. तिने मानेला वजन लावायचं साहित्य भाड्याने आणून दिलं. हनुवटीखालून आणि डोक्यामागून जाणारा जाड कापडी पट्टा, त्याला दोरी, दोरी वर कप्पीवरून जाऊन पलीकडे उतरलेली, आणि तिच्या टोकाला पाण्याची पिशवी. पिशवीत पाणी भरलं की डोकं वर खेचलं जातं आणि मणके जरा सुटे होतात.

"दारावर अडकवायचं असतं हे, काका," सना म्हणाली.

पण आमच्या दाराची चौकट वाळवीने पोखरलेली. म्हणून मी शेजारच्या लालसाबला बोलावलं. लालसाब कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधला फिटर. निवृत्त झाला, पण पाना अजून खिशात असतो. त्याने चौकटीवर बोट दाबलं, भुसा पडला.

"सिद्धूअण्णा, हितं टांगला तर दार घेऊन खाली येताव बघा." मग त्याने खोलीभर पाहिलं आणि भिंतीकडे हात केला. "ही खुंटी हाय की! लोखंडी. हत्ती टांगा, काय होत न्हाई."

मी खुंटीकडे पाहिलं आणि म्हणालो, "हो, चालेल."

लालसाबने खुंटीला कप्पी आवळली. सनाने खुर्ची खाली ठेवली. "तोंड भिंतीकडे. बक्कल पाचव्या भोकावर. सहा लिटर पाणी. पंधरा मिनिटं, रोज अकरा वाजता. झालं की पाणी ओतून टाकायचं."

दोन दिवस मी मुकाट्याने फासावर बसलो. तिसऱ्या दिवशी पट्टा डोक्यात जाईना. पाहिलं, तर बक्कल तिसऱ्या भोकावर होतं.

२

आता खुंटीबद्दल लिहायला हवं.

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला झोपवून नेत नाहीत, बसवून नेतात. मांडी घालून, पाठ भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून. मान पुढे पडू नये म्हणून हनुवटीखालून पांढरं कापड घेतात आणि वर खुंटीला बांधतात. अशी एक दणकट खुंटी आमच्या मधल्या खोलीत आहे. दोन मरणांच्या मधल्या काळात तिच्यावर छत्री असते, पिशवी असते, देवस्थानाचं कॅलेंडर असतं. माझे वडील तिच्याखाली बसले. आई बसली. दीड वर्षापूर्वी जगदेवी बसली, माझी बायको.

लालसाब त्या दिवशी होता, पण बाहेर गल्लीत, टेम्पोची व्यवस्था बघत. आत आला तेव्हा हार इतके होते की खुंटी दिसतच नव्हती. त्याला माहीत असायचं कारण नाही. मला माहीत होतं. त्याने हात केला तेव्हाच मला सांगता आलं असतं, "तिथं नको." वाक्य दोन शब्दांचं आहे. पण वेळेवर तोंड उघडणं हे माझ्या हातून कधी झालेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर, मला तिथं बसायचं होतं. ज्या जागी तिला बांधलं होतं, त्या जागेसमोर रोज पंधरा मिनिटं. दुसरं काही प्रायश्चित्त मला सुचलं नव्हतं, आणि हे डॉक्टरांनीच लिहून दिलेलं.

त्या दिवशी तिची मान सरळ राहत नव्हती. बायकांनी तीनदा कापड सोडून बांधलं. तीनही वेळा डोकं हळूच कललं, समोर डावीकडच्या खिडकीकडे. खिडकीखाली माझं टेबल आहे, मी तिथेच होतो. टेबलाशी बसलं की माझी पाठ खुंटीकडे असते. स्वयंपाकघराचं दारही माझ्या पाठीमागेच.

"ताई अजून अप्पांकडंच बघायलीय," कोणीतरी म्हणालं, आणि बायका आणखी रडल्या. त्यांना ते प्रेम वाटलं.

३

जगदेवी दुधनीची. लहानपणी डोक्यावर घागरी वाहिलेली, लग्नानंतर सोलापूरच्या नळावरून वाहिलेली. कानडी बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, "री" म्हणतात. छत्तीस वर्षं ती मला त्या एका अक्षराने हाक मारत होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून.

"री."

"हं."

"जरा हिकडं बघा की."

"हं."

मी पेपर वाचत असायचो. मान वळायची नाही. ती थोडा वेळ थांबायची, मग पायांचा आवाज आत जायचा. हे भांडण नव्हतं. इतक्या वर्षांत आमचं भांडण असं झालंच नाही, त्यासाठी दोन माणसं समोरासमोर यावी लागतात.

शेवटच्या वर्षी ती सांगायची की मान दुखते आणि चक्कर येते. मी म्हणायचो, मान आणि चक्कर ही वेगवेगळी खाती आहेत, अर्ज योग्य खात्याकडे कर. ती हसायची. माझे विनोद तिला कळायचे, हे तिचं दुर्दैव. काव्या, आमची मुलगी, पुण्याहून फोनवर म्हणायची, "अप्पा, अम्माला दाखवा एकदा." मी म्हणायचो, दाखवू. कागद आवक झाला होता. जावक व्हायचा होता.

ती गेली त्या दिवशी नळाला पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं. सकाळची अकराची वेळ. ती आत भरत होती.

"री."

"हं."

"डोकं गरगर फिरायलंय. सगळं घर फिरायलंय बघा."

"फिरू दे. फिरून फिरून जाग्यावर येईल."

ती थांबली. मग म्हणाली, "री, हिकडं बघा की जरा."

मी अग्रलेखाच्या शेवटच्या परिच्छेदात होतो. अग्रलेख कशावर होता ते आज आठवत नाही. मागे काहीतरी पडलं. घागर असणार. मी मान न वळवता म्हणालो, "पाणी सांडू नको, आता पाच दिवस नाही."

उत्तर आलं नाही. मी परिच्छेद संपवला. थोड्या वेळाने शहाबादी फरशीवरून पाणी आलं आणि माझ्या तळपायांना लागलं.

तेव्हा मी वळलो.

४

बक्कल तिसऱ्या भोकावर. मी विचार केला, घसरलं असेल. पण घसरलं तर पट्टा सैल होईल, घट्ट कसा होईल? घरात मी एकटा. कामाला येणारी बाळाबाई सकाळी सातला येऊन आठला जाते आणि त्या पट्ट्याला हात लावत नाही. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "अप्पा, हे कशाला बांधलाव परत?" मी म्हणालो, औषध आहे. त्यानंतर ती मधली खोली झाडताना भिंतीकडे पाठ करते.

माझ्या हातात जे शस्त्र होतं ते मी काढलं. कागदाची एक चिठ्ठी घेतली, तारीख घातली, सही केली आणि बक्कल पाचव्या भोकावर ठेवून त्यावर डिंकाने चिकटवली. कचेरीत कपाटं अशीच सील करायचो.

सकाळी पाहिलं. चिठ्ठी शाबूत होती, कुठे फाटलेली नाही, सुरकुती नाही. सही माझीच. फक्त चिठ्ठी तिसऱ्या भोकावर होती, आणि तिच्याखाली बक्कल.

मी लालसाबला बोलावलं.

"तुमीच केलं असल की," तो म्हणाला. "झोपेत. आमच्या वर्कशॉपात एक जण झोपेत हजेरी लावून यायचा."

"मी झोपेत चालत नाही, लालसाब. जागेपणी चालताना भिंत धरतो."

त्याने पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला, आणि बक्कलाच्या काट्यातून काहीतरी ओढून काढलं. लांब केस. अर्धा काळा, अर्धा पांढरा. जगदेवी कलप लावायची आणि महिनाभराने कंटाळून सोडून द्यायची.

"बाळाबाईचा असल," लालसाब म्हणाला. बाळाबाईचे केस पूर्ण पांढरे आहेत, हे त्याला माहीत आहे. त्याने केस माझ्या हातात दिला नाही. टेबलाच्या कडेवर ठेवला आणि घरी काम आहे म्हणाला.

पुढच्या दिवशी खुर्ची फिरलेली होती. मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवतो. आता तिची पाठ भिंतीला होती आणि तोंड माझ्या टेबलाकडे. पिशवीत पाणी होतं. मी ते रोज ओतून टाकतो. मोजलं नाही, पण पिशवीवर आकडे असतात, आणि पाणी चारच्या रेघेला होतं.

मी खुर्ची पुन्हा भिंतीकडे केली, पट्टा पाचव्यावर घेतला, सहा लिटर भरून पंधरा मिनिटं बसलो. मान मोकळी झाली. खरं तर इतकं बरं गेल्या वर्षभरात वाटलं नव्हतं. मग पाणी ओतलं आणि टेबलाशी पेपर उघडून बसलो.

"री."

मागून. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून जितकं अंतर असतं तितक्याच अंतरावरून.

मी काय केलं असेल? ओरडलो नाही, उठलो नाही. माझ्या तोंडाने माझी परवानगी न घेता उत्तर दिलं.

"हं."

ती थोडा वेळ थांबली. मग पायांचा आवाज आत गेला.

५

दुपारी मी सनाला फोन केला.

"काका, मानेत दाबलं गेलं की कानात आवाज येऊ शकतो. शिट्टी, घुंगरू, झिणझिण."

"शब्द येतात?"

"कसला शब्द?"

"एकच अक्षर आहे."

"झोप नीट लागते का तुम्हाला?" माझं ज्ञान एवढं आहे की डॉक्टरकीतला कोणी झोपेबद्दल विचारू लागला की त्याचं उत्तर संपलेलं असतं.

हाक रोज येऊ लागली. अकराला मी खुर्चीत बसायचो, साडेअकराला टेबलाशी. पेपरचं दुसरं पान उघडलं की "री". मी "हं" म्हणायचो. दरवेळी ठरवायचो की आज वळायचं, आणि दरवेळी मानेचा मणका हे कारण हाताशी असायचं. डावीकडे वळलो तर चक्कर येईल. वैद्यकीय दाखल्यासह रजा.

भीती वाटत होती, हे कबूल करतो. पण तिचं भूत दिसेल याची नव्हती. ती कुठल्या चेहऱ्याने बघत असेल, याची होती.

शनिवारी सना आली. माझे हात वर करायला लावले, खाली करायला लावले, बोटं दाबायला लावली, आणि खूश झाली. "छान! आता वजनाची गरज नाही. सोमवारी किट नेते, दुसरे पेशंट थांबलेत. तुम्ही फक्त व्यायाम करायचा. आणि एक लक्षात ठेवा, काका, मान झटकन डावीकडे नाही. मागे बघायचं असेल तर आधी पाय फिरवायचे, मग कंबर, मग खांदे, मान सगळ्यात शेवटी. नाहीतर पडाल."

मग ती पट्टा बघत म्हणाली, "घरात अजून कोणाला त्रास आहे का? बक्कल तिसऱ्यावर आहे. काकू लावत असतील तर सांगा त्यांना, चार लिटरच्या वर नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी खुर्चीकडे बघत उभा राहिलो. तोपर्यंत मी सगळा विचार माझ्याच बाजूने केला होता. मला कोण घाबरवतं, मला कोण बोलावतं. सनाच्या एका वाक्याने मला कळलं की तिथं काय चाललंय. जगदेवी उपचार घेत होती. जो अर्ज मी वर्षभर दाबून ठेवला, तो तिने शेवटी स्वतःच पुढे नेला होता. माझ्याच साहित्यावर, आपल्या मापाचं भोक शोधून, स्वतःच पाणी भरून.

आणि सोमवारी ते साहित्य जाणार होतं.

रात्री काव्याचा फोन आला. "अप्पा, आता बरं आहे ना? मग पुण्याला या. घर बंद करू."

"मंगळवारी बघू," मी म्हणालो. सोमवार माझ्या हातात हवा होता. तिने छत्तीस वर्षं मागितलं होतं ते एकदा तरी द्यायचं होतं. वळून बघायचं होतं.

६

सोमवारी पाचव्या दिवसाचं पाणी आलं. मी घागर भरली, आणि तीतूनच पिशवीत पाणी घातलं, बरोबर चार लिटर. बक्कल तिसऱ्या भोकावर घेतलं. खुर्चीची पाठ भिंतीला लावली, तोंड टेबलाकडे. सना बाराला येणार होती, लालसाब तिच्या आधी कप्पी सोडायला. मी टेबलाशी जाऊन बसलो, पेपर उघडला आणि दुसरं पान काढलं.

गल्लीत कोणीतरी मोटार लावून नळाचं पाणी खेचत होतं. ती मोटार थांबली. मग मागे कप्पी कुरकुरली. दोरी ताणल्याचा आवाज मी ओळखतो. महिनाभर तो माझ्या कानाशी होता. फरशीवर टेकलेली पिशवी उचलली गेली आणि आतलं पाणी हिंदकळलं.

"री."

मी "हं" म्हणालो नाही. ओठ घट्ट मिटले. एवढं जमलं. आता पाय फिरवायचे. पाय जमिनीवर होते आणि माझे नव्हते.

"री. हिकडं बघा की जरा."

माझ्या पाठीवर, बरोबर मानेच्या खाली, तिची नजर होती. ती कुठे पडते ते मला नेमकं सांगता येईल. छत्तीस वर्षं ती तिथेच पडत होती, आणि मला वाटायचं खिडकीतलं ऊन असेल. मी म्हणालो, वळतो. मनात म्हणालो. आधी पाय, मग कंबर. डाव्या पायाची टाच उचलली. समोर पेपरचं पान होतं आणि मी त्यातली एक ओळ वाचत होतो. देवाशपथ, त्या वेळीही मी वाचत होतो. ओळ संपेपर्यंत, एवढंच, ओळ संपेपर्यंत.

"री."

तिसरी हाक हळू होती. त्यानंतर काही नाही. मग खुर्चीचे पाय फरशीवर घासले.

तेव्हा मी वळलो. पाय नाही, कंबर नाही, आधी मानच गेली, झटकन, डावीकडे. मणक्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. खिडकी, कपाट, कॅलेंडर, सगळं एका बाजूला वाहून गेलं, आणि वाहताना एक क्षण खुंटीखालची जागा माझ्यासमोर थांबली.

पट्टा ताणलेला होता. पिशवी अधांतरी होती. पट्ट्यात डोकं होतं. अर्धे काळे, अर्धे पांढरे केस, सैल बांधलेला अंबाडा, मानेच्या खळीत विभूतीची पुसट रेघ. एवढंच दिसलं. चेहरा दिसला नाही.

खुर्ची भिंतीकडे फिरलेली होती.

मी पडलो. डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. मग गाल फरशीवर होता, आणि खोली माझ्याभोवती फिरत होती, थांबतच नव्हती. घागरीला माझा धक्का लागला असावा, कारण पाणी येऊन तोंडाला लागलं. खुर्चीचे मागचे दोन पाय दिसत होते, आणि त्यांच्यामध्ये लोंबणाऱ्या निऱ्या, हिरव्या काठाच्या. त्या लुगड्यात आम्ही तिला नेलं होतं.

तिला मी कधी नावाने हाक मारली नव्हती. "अगं" पुरायचं. मी तोंडातलं पाणी थुंकलं.

"जगदेवी," मी म्हणालो. "हिकडं बघ की. घर फिरायलंय."

मी वाट पाहिली. बाहेर लालसाब दार वाजवत होता, "सिद्धूअण्णा, ओ सिद्धूअण्णा." मी पुन्हा म्हणालो, "जगदेवी, जरा हिकडं बघ."

निऱ्या हलल्या नाहीत. भिंतीकडून, मान न वळवता, तिने उत्तर दिलं.

"हं."